सहा पायांचा घोडा

नकाभाऊंचं खरं नाव त्यांच्या पगारपत्रकावर होतं आणि तिथेच ते सुखाने नांदत होतं. बाहेरच्या जगात त्याची कुणाला गरज पडत नव्हती. राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात जुन्या हत्यारांचं एक लांबलचक दालन होतं. तिथे ते परिचर होते आणि सकाळी दार उघडल्यापासून संध्याकाळी कुलूप लागेपर्यंत त्यांच्या तोंडी एकच शब्द असायचा. हात लावू नका. काचेला नाक लावू नका. ढालीवर टिचकी मारू नका. आजी, त्या पेटीवर बसू नका, बाकडं नाही ते, दारूगोळ्याची पेटी आहे. सहकाऱ्यांनी आधी चेष्टेत ‘नका’ म्हणायला सुरुवात केली, पुढे केस पिकले तसं त्याला ‘भाऊ’ चिकटलं आणि नकाभाऊ हेच नाव कायम झालं.

हत्यारांच्या मानाने माणूस अगदीच मवाळ. दालनात दोन्ही हातांनी उचलावी लागणारी तलवार होती, वाकड्या पात्यांचे खंजीर होते, एका फटक्यात शिरस्त्राण फोडणारी काटेरी गदा होती; आणि या सगळ्यांचा राखणदार घरात पाल दिसली की खुर्चीवर चढून बायकोला हाक मारायचा. पाव कापायला सुरी हातात घेतली तर बायको म्हणायची, "द्या इकडे, बोट कापून घ्याल." तिने ‘घ्याल’ म्हणेपर्यंत घेतलेलं असायचं.

सोमवारी मात्र, संग्रहालय बंद असलं की, याच माणसाचे हात बदलायचे. पांढरे सुती हातमोजे चढवून ते एकेक तलवार कपाटातून बाहेर काढायचे, आंघोळ घातलेल्या तान्ह्या बाळासारखी मऊ फडक्यावर निजवायचे, पात्यावर तेलाचा पातळसा हात फिरवायचे आणि मुठीच्या नक्षीत अडकलेली धूळ बारीक ब्रशने टिपायचे. उघड्या बोटाचा एक ठसा राहिला तरी तिथे गंज धरतो, हे ते नव्या माणसाला अशा आवाजात सांगायचे की ऐकणाऱ्याचे हात आपोआप खिशात जायचे.

खरं म्हणजे त्यांना सैन्यात जायचं होतं. त्यांना म्हणजे त्यांच्या आईला. आजोबा सैन्यात, वडील सैन्यात, दोन्ही काका सैन्यात. भिंतीवर जितके फोटो तितक्या मिशा. भरतीच्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना ओल्या पायांनी फरशीवर चालायला लावलं, उमटलेले ठसे न्याहाळले आणि शेजारच्या कारकुनाला म्हणाले, "बघ, इस्त्री फिरवल्यासारखे." तळवे सपाट. लांबची कूच झेपायची नाही. चला, पुढचा!

आईने अंथरूण धरलं. मग आपलं आपणच सोडलं, पदर खोचला, ओळखीपाळखी काढल्या आणि मुलाला लष्कराच्याच संग्रहालयात चिकटवलं. त्यानंतर आल्यागेल्याला ती सांगायची, "माझा मुलगा राष्ट्रीय लष्करी..." आणि इथवर आलं की तिला खोकल्याची उबळ यायची. दम्याचं दुखणं जुनंच. उबळ ओसरली की दोन घोट पाणी पिऊन ती पुढे म्हणायची, "...सगळी हत्यारं त्याच्याच ताब्यात असतात हो." मधला ‘संग्रहालय’ हा शब्द दर वेळी खोकल्यात वाहून जायचा. बाईवर खोटं बोलल्याचा आळ कुणी घेऊ शकलं नसतं. फार तर एखादा काढा सुचवला असता.

याच खोकल्यावर नकाभाऊंचं लग्न जमलं.

मुलीचे वडील सैन्यातून निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना ‘तोफखाना’ म्हणायची, कारण ते साधं "पाणी द्या" म्हणाले तरी शेजारच्या घरातला माणूस पाणी घेऊन उठायचा. लढाईच्या गोष्टी त्यांच्या तोंडूनच ऐकाव्यात. "सलग सात दिवस आगीसमोर उभा होतो. पापणी लवू दिली नाही!" "मी नसतो तर अख्खी पलटण आडवी झाली असती!" "मी हात उचलला की शंभर जवान श्वास रोखून बघायचे!" पुढचं कुणी विचारलं, की कुठली लढाई, कुठली बंदूक, तर तोफखाना मिशीवर हात ठेवून सांगायचा, "ते बोलायची परवानगी नाही." असा सासरा. त्याला हत्यारं ताब्यात ठेवणारा जावई मिळाला. तो इतका खूश झाला, की आईला खोकल्यावरचं औषध त्यानेच आणून दिलं.

बायकोला खरं काय ते लग्नानंतर लगेच कळलं. नवरा डबा विसरून गेला म्हणून ती द्यायला आली, तर फाटकावरचा माणूस म्हणाला, "तिकीट." लष्कराच्या ठाण्यावर तिकीट लागतं, आणि मुलांना अर्धं लागतं, हे तिला नवीन होतं. आत जाऊन बघते तो नवरा एका गलेलठ्ठ गृहस्थाला सांगतोय, "साहेब, भाल्याला छत्री अडकवू नका." तिला हसू आवरेना. हसता हसता तिने शेजारच्या कपाटाचा आधार घेतला, तर नकाभाऊ सवयीने म्हणाले, "काचेला टेकू नका."

त्या संध्याकाळी नवराबायकोची बैठक बसली.

"बाबांना कळलं तर गोळी घालतील," बायको म्हणाली.

"मला?"

"आधी तुम्हाला, मग सासूबाईंना. गोळ्या उरल्या तर मला. तेव्हा बोलू नका."

नकाभाऊंना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी उलट ‘नका’ म्हणालं. त्यांनी ते पाळलं. तोफखाना भेटीला आला की बायको आधीच सांगून टाकायची, की यांचं काम गुप्त आहे, तिकडे जायचं नाही आणि विचारायचंही नाही. तोफखाना मान डोलवायचा. त्या एका विषयापुरता त्याचा आवाज खाली यायचा. एरवी तो चमत्कार गल्लीने कधी ऐकलेला नव्हता.

अशी वर्षं गेली. मग तोफखान्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला.

चांगला डॉक्टर लेकीच्या शहरात होता, म्हणून सासरेबुवा शस्त्रक्रियेसाठी इकडे येऊन राहिले. सासूबाई गुडघ्यांमुळे गावीच थांबल्या. शस्त्रक्रिया झाली, पट्टी निघाली आणि तोफखान्याला असं दिसायला लागलं, की तो दिवसभर समोरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायचा. "डोळा नाही, दुर्बीण बसवलीय!" सैन्यातल्या सवयीने तो भल्या सकाळी उठायचा आणि घरातले सगळे बूट पॉलिश करायचा. जावयाच्या काळ्या बुटांवर तर त्याने अशी चकाकी आणली होती, की नकाभाऊंना आपल्याच पायांकडे बघून भांग पाडता आला असता.

बूट झाले की स्वारी बागेत जायची. बागेत निवृत्त मंडळींचा एक कट्टा होता. त्यांना रक्तदाबाखेरीज नवीन विषय मिळून बराच काळ लोटला होता, त्यामुळे तोफखान्याच्या गोष्टींवर ती मंडळी उपाशी माणसासारखी तुटून पडली. त्यात एक होते गणिताचे मास्तर. मास्तरांना प्रत्येक गोष्ट मोजून घ्यायची खोड. सात दिवस आगीसमोर, तर झोपलात किती तास? शंभर जवान, तर रांगा किती? तोफखान्याची त्यांच्यापुढे जरा दमछाक व्हायची. जावयाबद्दल तर त्याने मंडळींना सांगून ठेवलं होतं, "मोठा अधिकारी आहे. गुप्त खातं. याहून जास्त बोललो तर मलाच पकडून नेतील."

एके दिवशी मास्तर म्हणाले, "इथे जवळच एवढं मोठं लष्करी संग्रहालय आहे, आणि आपल्याकडे खरा लढवय्या आहे. यांनी आपल्याला हत्यारं दाखवावीत. अशी संधी पुन्हा यायची नाही."

तोफखाना दचकला. म्हणाला, "डोळ्यात थेंब घालायचे असतात."

"थेंब दुपारी. आपण सकाळी जाऊ."

"उन्हाचा त्रास होतो."

"संग्रहालयाला छप्पर आहे."

मास्तरांपुढे कुणाचंच गणित जमत नसे. सहल ठरली. तोफखान्याने घरी अवाक्षर काढलं नाही. आयत्या वेळी आपल्याला ताप भरेल अशी त्याला आशा होती. भरला नाही.

त्या सकाळी नकाभाऊ दालनात फडकं घेऊन काच पुसत होते. त्याच काचेत त्यांना आपल्या पाठीमागून सासरेबुवा येताना दिसले. काळा चष्मा, ताठ मान, मागे दहा-बारा पांढरी डोकी. नकाभाऊंच्या पायाखालची फरशी सरकली. मुख्य दरवाजा पाहुण्यांनी भरलेला. मागचं दार कुलूपबंद, आणि किल्ली मुख्य दरवाजापाशीच खुंटीला. दालनाच्या मधोमध चौथऱ्यावर एक लाकडी घोडा उभा होता. खऱ्या घोड्याएवढा, अंगावर खरंखुरं लोखंडी चिलखत, तोंडावर लोखंडी मुखवटा. नकाभाऊ जन्मात पहिल्यांदा पाहुण्यांना अडवायला आखलेली रेघ ओलांडून चौथऱ्यावर चढले आणि घोड्याच्या पलीकडच्या बाजूला पोटाशी चिकटून उभे राहिले.

इकडे तोफखाना बंदुकांच्या कपाटापाशी पोचला होता.

"ही कशी चालवतात?" मास्तरांनी एका लांब नळीच्या बंदुकीकडे बोट दाखवलं.

"बोट इथे, डोळा इथे, शत्रू तिथे!" तोफखाना गरजला. मंडळींनी माना डोलावल्या.

"पण गोळी भरतात कुठून?"

"वरून."

"वरून म्हणजे नळीतूनच? मग ती खाली ओघळून पडत नाही?"

तोफखान्याने मिशीवर हात ठेवला. "ते बोलायची परवानगी नाही."

"अहो, बंदूक तीनशे वर्षांपूर्वीची आहे! आता कसली परवानगी?"

तोफखान्याच्या कपाळावर घाम आला. विषय बदलायला त्याने समोर दिसेल ती गोष्ट पकडली. "ते जाऊ द्या! हा घोडा बघा, घोडा! काय ताकद असेल या जनावराची!"

मंडळी घोड्याकडे वळली. कुणी चिलखत बघितलं, कुणी मुखवटा बघितला. मास्तरांनी खालून मोजायला सुरुवात केली.

"या घोड्याला सहा पाय आहेत," मास्तर म्हणाले.

"जुन्या काळचा आहे," मागून एक आजोबा म्हणाले.

"जुन्या काळचा असला म्हणून काय झालं? चार लाकडी आहेत आणि दोन पँटमध्ये आहेत. कोण आहे तिथे? बाहेर या!"

तोफखाना खाली वाकला. घोड्याच्या पोटाखालून त्याला दोन काळे बूट दिसले. बूट असे चकाकत होते, की त्यांत घोड्याच्या पोटाचं प्रतिबिंब पडलं होतं. ती चकाकी त्याने स्वतः, पहाटे, जुनी बनियन घासून घासून काढलेली होती.

नकाभाऊ घोड्याला वळसा घालून बाहेर आले. खाकी सदरा, छातीवर ‘परिचर’ असा बिल्ला, हातात फडकं. सासऱ्याने जावयाकडे बघितलं. जावयाने सासऱ्याकडे बघितलं. गोळी आता येते, मग येते, म्हणून नकाभाऊंनी डोळे मिटून घेतले.

"सावधान!" तोफखाना ओरडला.

नकाभाऊंच्या टाचा आपोआप जुळल्या. दालनातल्या दुसऱ्या टोकाच्या दोन अनोळखी पाहुण्यांच्याही जुळल्या. मग तोफखाना मंडळींकडे वळला आणि एकदम घोगऱ्या, खालच्या आवाजात म्हणाला, "हे आमचे जावई. कामगिरीवर आहेत. वेषांतर."

मंडळींच्या अंगावर सर्रकन काटा आला. कुणी श्वास घेईना. मास्तरांनी तो बिल्ला वाचला, फडकं बघितलं आणि कौतुकाने पुटपुटले, "किती हुबेहूब! अगदी खरा परिचर वाटतो!"

"कुणी काही पाहिलेलं नाही," तोफखाना म्हणाला.

"काही नाही," मंडळी म्हणाली.

नकाभाऊंनी एक डोळा उघडला. आपण जिवंत आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं. सासऱ्याच्या कपाळावरचा घाम त्यांना दिसला आणि अर्धवट राहिलेलं बंदुकीचं कोडंही आठवलं, कारण ते घोड्याच्या आडून त्यांनी ऐकलेलंच होतं. ते कपाटापाशी गेले आणि पाहुण्यांना माहिती सांगणाऱ्या वाटाड्याकडून रोज ऐकून पाठ झालेलं घडाघडा बोलले. आधी नळीच्या तोंडातून दारू ओतायची. मग चिंधीत गुंडाळलेली गोळी. मग हा लांब गज घालून ते सगळं दाबून ठासायचं, म्हणून ही ठासणीची बंदूक. चिंधी घट्ट बसते, म्हणून गोळी ओघळत नाही. मग मागच्या या छोट्या वाटीसारख्या खळग्यात चिमूटभर दारू, वर चकमकीचा दगड. चाप ओढला की ठिणगी पडते.

"हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?" मास्तरांनी विचारलं.

नकाभाऊंनी सासऱ्याकडे मान वळवली. "यांनीच."

तोफखान्याने मिशीला पीळ दिला.

मंडळी चोरपावलांनी, एकमेकांना ‘शू’ करत, चहाच्या टपरीकडे गेली. नकाभाऊ सासऱ्याला शोधत बाहेर आले. संग्रहालयाच्या अंगणात तोफा मांडून ठेवलेल्या होत्या, आणि त्यांच्या शेवटी, कोपऱ्यात, चाकांवरची एक मोठी लोखंडी भट्टी होती. पलटण पुढे निघाली की गाडीला जोडून न्यायचं ते लष्कराचं फिरतं स्वयंपाकघर. एरवी पाहुणे तिला कचऱ्याचा डबा समजायचे. तोफखाना तिच्यापुढे उभा होता. त्याने चष्मा काढला, एका बाजूची कडी न बघता हाताने चाचपली, खटकन उघडली आणि झाकण वर केलं.

"हात लावू नका," नकाभाऊंच्या तोंडून निघून गेलं.

तोफखाना वळला. "जावईबापू, अख्खी नोकरी हिच्यावर हात भाजून घेतले. आता लावू नको म्हणता?"

तोफखान्याने सदऱ्याची बाही वर केली. कोपरापर्यंत जुने पांढरट डाग होते. लढाईतले म्हणून गल्लीने ते किती वेळा बघितले होते.

"वाफेचे आहेत," तो म्हणाला. "मी बंदूक कधी चालवली नाही असं नाही. शिकताना चालवली. नेम बघून साहेब म्हणाले, याला शत्रूपासून नाही, आपल्या माणसांपासून लांब ठेवा. आणि आचाऱ्यांत पाठवलं."

"पण मग सात दिवस आगीसमोर..."

"उभा होतोच! रस्ता तुटला होता, दुसरा आचारी तापाने पडलेला. सात दिवस ही विझू दिली नाही. खोटं एक अक्षर बोललो नाही, जावईबापू. आग आपलीच होती, एवढंच सांगायचं राहिलं." त्याने झाकण हळूच खाली ठेवलं. "गल्लीत परत आलो तेव्हा पोरं धावत आली. काका, किती शत्रू मारले? काय सांगणार होतो? किती कांदे कापले ते?"

नकाभाऊंनी हातातल्या फडक्याने झाकणावरची धूळ पुसली. शेवटी ते म्हणाले, "माझ्या आईलाही खरंच दमा आहे, बाबा."

तोफखान्याला आधी कळलं नाही. मग कळलं. मग तो असा हसला, की अंगणातली कबुतरं उडाली आणि टपरीवरच्या मंडळींना वाटलं, कामगिरी फत्ते झाली. दोघांनी तिथेच ठरवलं, की हे या भट्टीच्या बाहेर जाणार नाही.

ते गेलं, आणि तोफखान्यानेच बाहेर नेलं. थोड्याच दिवसांनी बायको तापाने अंथरुणाला खिळली. नकाभाऊ कामावर होते. संध्याकाळी परत आले तर तळमजल्यापासूनच असा खमंग वास, की जिन्यात माणसं आपापली दारं उघडून उभी. घरात गॅसवर एवढं मोठं पातेलं, की खालची ज्योत दिसत नव्हती. शेजाऱ्यांकडून मागून आणलेलं ते पातेलं भरून बटाट्याचा रस्सा होता, आणि खाली फरशीवर तसल्याच दुसऱ्या पातेल्यात भात. तोफखाना बाह्या सरसावून, डोक्याला टॉवेल बांधून उभा.

"बाबा, आपण तीन माणसं आहोत!" नकाभाऊ म्हणाले.

"तीन माणसांचं मला येत नाही. दोनशेच्या खाली अंदाजच लागत नाही. कमी करत करत साठावर आणलंय."

साठ माणसं कुठून आणायची? अख्ख्या इमारतीला बोलावलं. लोक ताटल्या घेऊन आले, जिन्यात पायऱ्यांवर बसले, पुन्हा पुन्हा वाढून घेतलं. तोफखाना डाव घेऊन रांगेपुढे उभा होता. त्याने हात उचलला की खरोखरच सगळे श्वास रोखून बघत होते. बायको शाल गुंडाळून उठून बसली, तिने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नकाभाऊंना वाटलं, चवीमुळे.

लोक गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, हे तुम्हाला कुठे शिकायला मिळालं?"

तोफखान्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि सगळं सांगून टाकलं. आता मुलगी हसेल आणि विषय मिटेल असं दोघा पुरुषांना वाटलं होतं. मुलगी हसली नाही.

"आई रोज दोन्ही वेळा चुलीपाशी उभी राहायची," ती म्हणाली. "आणि तुम्ही पहिल्याच घासाला तोंड वाकडं करायचात. आज भाताचा गोळा झाला, उद्या रस्सा पाणचट झाला. ती बिचारी रडायची. आणि तुम्हाला हे येत होतं?"

"येत होतं म्हणून तर कळायचं," तोफखाना हळूच म्हणाला.

"मग उठून केलं का नाही?"

तोफखाना डोक्याचा टॉवेल सोडून त्याची घडी घालत बसला, उलगडली, पुन्हा घातली. बायकोने फोन उचलला आणि आईला लावला. पलीकडून सासूबाईंनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यांना ऐकू जाईल असं कर."

बायकोने फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"अहो," सासूबाई म्हणाल्या, "माझे गुडघे दुखतात. परत आलात की स्वयंपाकघर तुमचं."

"अगं, पण दोघांचं मला जमत नाही..."

"शिका," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

तोफखाना गावी परतला आणि शिकला. सुरुवातीला सगळी गल्ली त्याच्याकडे जेवत होती, मग फक्त शेजारपाजार, आणि शेवटी एकदाचं दोन ताटांवर आलं. सासूबाई अंगणात खुर्ची टाकून पाय लांब करून बसायला लागल्या. गल्लीतल्या पोरांना त्याने आपणहून खरं सांगितलं. पोरांनी शत्रूंचं नाव सोडलं आणि विचारलं, "मग उद्या काय करणार?"

हे सगळं बघून नकाभाऊंनाही धीर आला. ते आईकडे गेले आणि म्हणाले, "यापुढे माझ्या नोकरीचं मीच सांगत जाईन."

"सांग बाबा," आई म्हणाली. "खोकून खोकून माझा घसाही दुखायला लागला होता."

पुढच्याच लग्नकार्यात कुणीतरी विचारलं, सध्या कुठे? नकाभाऊंनी छाती भरून घेतली आणि एका दमात सांगितलं, "राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात परिचर आहे." आता टोमणे येणार म्हणून ते तयारीत उभे राहिले. तो नातेवाईक म्हणाला, "अरे वा! मग आम्हाला फुकट आत सोडशील का?"

खरं पटलं नाही ते फक्त गणिताच्या मास्तरांना. नकाभाऊंनी स्वतः बागेत जाऊन त्यांना समजावलं, की मी खराखुरा परिचर आहे, वेषांतर वगैरे काही नाही, सासरे आचारी होते. मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकलं, आजूबाजूला बघितलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. तुम्हाला असंच सांगावं लागणार."

संग्रहालयाच्या प्रमुख बाईंना मात्र कानावर आलेलं सगळं पटलं. त्यांनी नकाभाऊंना बोलावून सांगितलं, शाळांची मुलं येतात त्या दिवशी तुमच्या सासऱ्यांनी त्या भट्टीपाशी उभं राहून चार गोष्टी सांगाव्यात. अट एकच, विस्तव पेटवायचा नाही, पाणी ओतायचं नाही, धान्य आणायचं नाही. लोखंड जुनं आहे. तोफखाना आला तो कडक इस्त्रीचा सदरा घालून, सोबत सासूबाई, गुडघ्यांना पट्टे बांधून. नकाभाऊंना वाटलं, रिकाम्या भट्टीपाशी हा माणूस बोलणार तरी काय? पोरं दोन मिनिटांत तोफांकडे पळतील.

तोफखान्याने बाह्या वर केल्या. "रांग लावा!" पोरांनी रांग लावली. "ताटल्या पुढे!" ताटल्या नव्हत्या, तर पोरांनी तळहात पुढे केले. त्याने झाकण उघडलं, रिकाम्या भट्टीत रिकामा डाव खोलवर घातला, तळापासून ढवळलं, चव घेतली, मान हलवली, पुन्हा ढवळलं आणि मग एकेका हातावर वाढत सुटला. रस्ता कसा तुटला होता, पाऊस भट्टीत पडू नये म्हणून चौघांनी डोक्यावर ताडपत्री कशी धरली होती, जवान अंधारात चाचपडत रांगेला कसे यायचे आणि वाफेत तोंड घालून आधी नुसतेच कसे उभे राहायचे, हे तो वाढता वाढता सांगत होता, आणि आवाज अजिबात मोठा नव्हता. पोरं हातावरचं काही नाही ते फुंकून फुंकून खात होती. एक मुलगी म्हणाली, "आजोबा, भाजलं." तर त्याने तिला थोडं गार होऊ देऊन पुन्हा वाढलं.

सासूबाई तोफेच्या चाकाला टेकून बघत होत्या. चाकाला टेकायचं नसतं, हे सांगायला नकाभाऊ निघाले, पण सासूबाईंचं तोंड बघून मध्येच थांबले. मग त्यांनी सकाळी भट्टी पुसायला चढवलेले हातमोजे काढून खिशात घातले आणि गुपचूप रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. पुढे अजून बरीच पोरं होती.